शस्त्रक्रिया संपताच तीन प्रश्न : ‘सिंपल’ ॲपचे परीक्षण

अमेरिकेत जनरल सर्जरीचे रेसिडेन्सी प्रशिक्षण पाच वर्षांचे असते आणि सर्जनना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीच्या परीक्षेसाठी किमान ८५० मोठ्या शस्त्रक्रियांची नोंद दाखवावी लागते. त्यांपैकी किती शस्त्रक्रिया रेसिडेंटने (प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने) खरोखर स्वतःच्या हिमतीवर पार पाडल्या, हे मात्र त्या नोंदीतून कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी तयार झालेले ‘सिंपल’ हे मोबाइल ॲप मला आजवरच्या मूल्यमापनाच्या साधनांत सर्वांत उपयुक्त वाटते.

शस्त्रक्रिया संपली की शिक्षक आणि रेसिडेंट आपापल्या फोनवर तीनच प्रश्नांची उत्तरे देतात : शिक्षकाने किती मदत केली, रेसिडेंटचे काम कसे झाले आणि हा रुग्ण अशाच इतर रुग्णांच्या तुलनेत किती अवघड होता. मदतीचा प्रश्न ‘झ्विश’ मोजपट्टीवर बेतलेला असून तिच्या चार पायऱ्या आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्ताशयाची नलिका आणि धमनी मोकळी करण्याचा टप्पा घेतला, तर या पायऱ्या स्पष्ट होतात. तो भाग शिक्षकच करून दाखवत असेल, तर पहिली पायरी. रेसिडेंटचा हात चालत असला तरी पुढे कुठे जायचे हे शिक्षक पावलोपावली सांगत असेल, तर दुसरी. शिक्षक कुशल सहायकासारखा साथ देत असेल आणि पुढची पायरी रेसिडेंट स्वतः ठरवत असेल, तर तिसरी. आणि शिक्षक केवळ सुरक्षिततेवर लक्ष ठेवून असेल, तर चौथी. ‘हात चांगला आहे’ अशा मोघम शेऱ्यापेक्षा ही उतरंड कितीतरी प्रामाणिक आहे.

मूल्यमापन ७२ तासांच्या आत करावे लागते, ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण सत्राअखेरीस भरलेल्या फॉर्ममध्ये शस्त्रक्रियेची आठवण कमी आणि त्या व्यक्तीबद्दलचे एकंदर मत जास्त उतरते. बोलून अभिप्राय नोंदवण्याची सोयही आहे, आणि माझ्या मते खरे शिक्षण तिथेच होते : नलिका ओळखण्याआधीच ती बंद करणाऱ्या क्लिपकडे हात गेला, एवढे एक वाक्य रेसिडेंटला कोणत्याही गुणांपेक्षा अधिक शिकवते.

मर्यादाही गंभीर आहेत. संपूर्ण शस्त्रक्रियेला एकच श्रेणी मिळाल्यामुळे एखाद्या टप्प्यावरचा अडखळलेला हात झाकला जातो. शिवाय ही मोजपट्टी रेसिडेंटची क्षमता जितकी मोजते, तितकाच शिक्षकाने टाकलेला विश्वासही मोजते. महिला रेसिडेंटना कमी स्वायत्तता मिळते, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे, त्यामुळे खालच्या पायरीचा दोष सरसकट शिकणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. शस्त्रक्रिया करावी की नाही हा निर्णय आणि नंतरची गुंतागुंत हाताळणे या गोष्टी तर ॲपच्या तीन प्रश्नांत येतच नाहीत. त्या दृष्टीने अमेरिकन बोर्डाने २०२३ मध्ये लागू केलेली १८ ‘एन्ट्रस्टेबल प्रोफेशनल ॲक्टिव्हिटीज’ची, म्हणजे शिकणाऱ्यावर विश्वासाने सोपवता येतील अशा व्यावसायिक कामांची, चौकट अधिक व्यापक आहे, कारण तिच्यात रुग्णाच्या तपासणीपासून शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीपर्यंतचा विचार होतो.

आपल्याकडच्या एम. एस. च्या (सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीच्या) लॉगबुकमध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या नोंदवहीत, पाहिले, सहाय्य केले, मदतीने केले आणि स्वतंत्रपणे केले अशा नोंदी असतातच. ॲप न घेताही विभागप्रमुखांनी त्या नोंदीवर त्याच दिवशी, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर पडण्याआधी, शिक्षकाचे एक वाक्य आणि सही घेण्याचा दंडक घालावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.