'नोंदणीकृत' म्हणजे 'मान्यताप्राप्त' नव्हे : माझे ४२ हजार कसे गेले

पुण्यात बालवाडी शिक्षिकेचा कोर्स शोधत असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे ४२ हजार रुपये आणि सात महिने गेले. आणि ज्या एका शब्दावर विश्वास ठेवून गेले, तो शब्द खोटा नव्हता.

मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या वेळेत बसेल असं काम मी शोधत होते. आम्ही धायरीत राहतो, यांची ड्युटी चाकणला, त्यामुळे घरी लवकर येणं मलाच भाग होतं. पण फक्त सोय म्हणून नाही, मला लहान मुलं मनापासून आवडतात. सोसायटीतली पोरं संध्याकाळी आमच्याच दारात असतात. अप्पा बळवंत चौकात वह्या घ्यायला गेले होते, तिथे एका जिन्यापाशी फलक दिसला : 'भारत सरकार नोंदणीकृत, आयएसओ प्रमाणित. माँटेसरी व नर्सरी टीचर ट्रेनिंग. १०० टक्के नोकरी.' मी वर गेले.

तिथल्या मॅडम फार आपुलकीने बोलल्या. "ताई, नवीन शैक्षणिक धोरण आलंय. बालवाडीला शिक्षिका मिळत नाहीयेत. टीईटीची कटकट नाही, आणि या सर्टिफिकेटवर चौथीपर्यंत शिकवता येईल." आता कळतं की खरं आणि खोटं एकाच दमात सांगितलं होतं. २०२० च्या धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय, हे खरं. बालवाडीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागत नाही, हेही खरं. पण पहिली ते पाचवीला डी.एल.एड. ही शिक्षकाची पदविका आणि टीईटी दोन्ही लागतात. चौथीची गोष्ट सरळ थाप होती.

सोमवारपासून फी वाढणार म्हणाल्या, म्हणून शनिवारीच ३२ हजार भरले. पावतीवर 'साहित्य शुल्क' लिहिलं होतं, त्याकडे माझं लक्षच गेलं नाही. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका 'पडताळणीसाठी' ठेवून घेतल्या.

पहिले दोन महिने घोटीव कागदाची फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरं केली. माँटेसरीचं साहित्य काचेच्या कपाटात कुलूपबंद. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एकदाच बाहेर काढले, तेही फोटोसाठी. खरखरीत कागदाची अक्षरं आम्हाला मोबाईलवर दाखवली. अहो, त्या अक्षरांवरून मुलाने बोट फिरवायचं असतं, बोटाला वळण कळावं म्हणून तर ती खरखरीत केलेली असतात! माँटेसरी हे नाव कोणीही फलकावर लावू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग पाच महिने 'प्रॅक्टिकल', सिंहगड रोडवरच्या एका प्ले ग्रुपमध्ये. पहिल्याच दिवशी अडीच वर्षांची २६ मुलं माझ्या हवाली केली. वर्गावर दुसरी शिक्षिका नव्हतीच. एक मावशी होत्या, त्याही दोन वर्गांना मिळून एक. कोणी रडतंय, कोणाची चड्डी ओली, आणि एका मुलाने शेजारच्या मुलीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. काय करावं मला सुचेना. मावशींनी आधी मुलीला जवळ घेतलं, मग त्या मुलासमोर खाली बसून शांतपणे म्हणाल्या, "दुखलं तिला. बघ." त्या सात महिन्यांत मी जे काही शिकले ते त्या मावशींकडून. तो प्ले ग्रुप संस्थेचाच आहे हे तिसऱ्या महिन्यात कळलं. म्हणजे आम्ही फी भरून त्यांच्याकडे बिनपगारी राबत होतो, आणि तिथले आईबाप 'प्रशिक्षित शिक्षिका' म्हणून पैसे मोजत होते. माझ्या पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे. त्या २६ मुलांना एक जाणती बाई मिळायला हवी होती.

शेवटी 'प्लेसमेंट डिपॉझिट' म्हणून आणखी १० हजार घेतले. नोकरीचा फोन कधी आलाच नाही. मीच कोथरूडच्या एका शाळेत मुलाखतीला गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "नोंदणी दिसतेय. मान्यता कोणाची?"

मला फरकच माहीत नव्हता. त्यांनी बसवून समजावला. 'भारत सरकार नोंदणीकृत' म्हणजे उद्यम नोंदणी. ती लघुउद्योगांसाठी असते, फुकट होते, आपणच माहिती भरायची. उद्या मी लोणची विकायला लागले तरी मला मिळेल. आयएसओ ९००१ हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. शिक्षक प्रशिक्षणाची मान्यता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई देते. तिच्या नियमांत बालशिक्षणाची पदविका दोन वर्षांची आहे, डीपीएसई नावाची, आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. मान्यता नसलेला छोटा कोर्सही चांगला असू शकतो, असं बाई म्हणाल्या. पण त्याने तसं स्पष्ट सांगायला हवं.

पैसे परत मागितले तर संस्था म्हणते, पावती साहित्याची आहे आणि साहित्य दिलं. साहित्य म्हणजे एक पिशवी, एक पुस्तक, एक कात्री. ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पोलीस चौकीतही अर्ज दिलाय. पावतीवरच्या त्या एका ओळीपाशी सगळं अडतंय. मूळ गुणपत्रिका मात्र सासूबाईंना सोबत घेऊन गेले आणि मिळेपर्यंत आम्ही दोघी तिथून उठलो नाही.

त्या दिवशी उतरताना जिन्यात सासवडहून आलेली एक मुलगी भेटली, सोबत वडील होते. "ताई, कोर्स चांगला आहे का?" तिने विचारलं. मी वडिलांना म्हणाले, "काका, एवढंच करा. पावतीवर कोर्सचं नाव आणि मान्यता कोणाची, हे लिहून मागा. आणि मूळ कागद देऊ नका."

ते वर गेले. आम्ही खाली रसवंतीपाशी थांबलो. दहा मिनिटांत दोघं खाली आले. "लिहून देत नाहीत म्हणाले," काका म्हणाले आणि कागदांची पिशवी त्यांनी लेकीच्या हातात परत दिली.