किपचोगेच्या विक्रमाचं टोकन: पैसे त्याला मिळाले हे उत्तम, घेणाऱ्याच्या हाती काय?

एप्रिल 2021 मध्ये केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे याने आपल्या कारकिर्दीतले दोन क्षण एनएफटी म्हणून, म्हणजे डिजिटल वस्तूच्या मालकीचं टोकन करून, विकायला काढले, आणि ते विकलेही गेले. पहिला सप्टेंबर 2018 चा, बर्लिनच्या 2:01:39 या विश्वविक्रमाचा. दुसरा ऑक्टोबर 2019 चा, व्हिएन्नात 42.195 किलोमीटर 1:59:40 मध्ये धावला तेव्हाचा. ही जुनी विक्री आज उकरून काढायला कारण आहे. आमच्या साताऱ्यातल्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर अशा 'डिजिटल कलेक्टिबल'च्या जाहिराती पुन्हा फिरायला लागल्यात. यवतेश्वरचा घाट चढून आलो की चहाच्या टपरीवर हाच विषय निघतो. मी व्यवसायाने सीए, त्यामुळे "मॅडम, घ्यावं का? आणि घेतलं तर रिटर्नमध्ये कुठे दाखवायचं?" हे प्रश्न माझ्याकडेच येतात. खेळाडूच्या कारकिर्दीचे क्षण टोकन करून विकायचे, या मालाचा सगळ्यात चांगला नमुना माझ्या मते किपचोगेचाच आहे. म्हणून त्यावरच लिहिते.

आधी मनापासून पटलेली बाजू. मॅरेथॉनपटूची कमाई फार थोड्या दिवसांवर उभी असते. अव्वल धावपटू वर्षाला साधारण दोन मॅरेथॉन धावतो, कारण शरीर त्याहून जास्त देत नाही. बक्षीस, शर्यतीत उतरण्याचं मानधन आणि बुटांच्या कंपनीचा करार, बस्स. शर्यतीचं चित्रीकरण सहसा आयोजकांचं किंवा वाहिनीचं असतं. पळणाऱ्याच्या पायातून निघालेला क्षण वर्षानुवर्षं दाखवला जातो आणि त्याच्या खात्यात त्यातलं काही येतंच असं नाही. किपचोगे केनियातल्या नंदी भागातला. आठवडाभर घरापासून लांब, कप्तागतच्या कॅम्पवर राहतो. तिथे इतरांबरोबर झाडलोट आणि संडास साफ करण्याची पाळीही लावून घेतो. अशा माणसाने आपला क्षण स्वतः विकून पैसे घेतले, यात मला काडीचंही वावगं दिसत नाही. जगभरातल्या धावपटूंनी ही वाट धरावी.

आता घेणाऱ्याची बाजू. माझा पेशा कागद वाचण्याचा, म्हणून याच बाजूवर जरा रेंगाळते.

टोकन म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक नोंदवहीतली एक नोंद. अमुक क्रमांकाचं टोकन अमुक वॉलेटच्या (टोकन ठेवायच्या डिजिटल पाकिटाच्या) नावे आहे, एवढं ती सांगते. चित्रफीत सहसा त्या नोंदवहीत नसतेच, कारण एवढी मोठी फाइल तिथे ठेवणं परवडत नाही. नोंदीत असतो फाइलचा पत्ता. फाइल दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवर असते. कॉपीराइट वेगळा लिहून दिला नसेल तर तोही मिळत नाही. ती चित्रफीत तुम्ही जाहिरातीत वापरू शकत नाही, दुसऱ्याला पाहण्यापासून अडवू शकत नाही. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलंय, पण कसण्याचा हक्क नाही आणि वाट सगळ्या गावाला मोकळी आहे, असा हा व्यवहार. नोंद मात्र पक्की असते, तिच्यात कुणी खाडाखोड करू शकत नाही. हे तंत्र त्याच्या जागी चोख आहे. प्रश्न नोंद कशाची आहे हा आहे.

मी स्वतः एक घेतलेलं आहे. किपचोगेचं नव्हे, ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. एका छोट्या कंपनीने धावण्याच्या स्पर्धेची डिजिटल स्मृतिचिन्हं काढली होती, त्यातलं एक. वॉलेट उघडलं, त्याचे पासवर्डसारखे बारा गुप्त शब्द वहीत लिहून कपाटात ठेवले, व्यवहाराचं शुल्क भरलं. हे शुल्क त्या दिवशी वस्तूच्या किमतीच्या जवळपास गेलं होतं. सुरुवातीला पडद्यावर एक धावती आकृती फिरायची, खाली चकचकीत अक्षरांत अंतर आणि वेळ. कंपनीने गाशा गुंडाळला. आज वॉलेट उघडलं की टोकनचा क्रमांक दिसतो, माझा पत्ता दिसतो, तारीख दिसते आणि आकृतीच्या जागी करडा चौकोन दिसतो. नोंद शाबूत, वस्तू गायब. त्यामुळे कुणी "हे कायमचं आहे" म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते: फाइल कुठे ठेवलीय, आणि ती सांभाळण्याचा खर्च कोण करणार?

दुसरी गोष्ट निवडीची. इथे मी सीए म्हणून नाही, धावणारी म्हणून बोलते. बर्लिनची ती शर्यत मी पूर्ण पाहिलीय, परत परत पाहिलीय. विक्रमाचा क्षण म्हटलं की ब्रांडेनबुर्ग गेट ओलांडून येणारा किपचोगे आणि घड्याळावरचे आकडे डोळ्यांपुढे येतात. पण शर्यत घडली ती 25 व्या किलोमीटरपाशी. वेग ठरवून देणारे तीन साथीदार होते. दोघे 15 किलोमीटरच्या आसपासच गळले, तिसरा 25 ला थांबला. पुढचे 17 किलोमीटर हा माणूस एकटा धावला. वारा अडवायला पुढे कोणी नाही, पाठीमागे पावलांचा आवाज नाही. पहिला अर्धा भाग 61:06 चा आणि दुसरा, बहुतेक एकट्याने धावलेला, 60:33 चा. डेनिस किमेट्टोचा 2014 चा विक्रम 78 सेकंदांनी मोडला तो या 33 सेकंदांच्या आणि त्या एकटेपणाच्या जोरावर. मी त्याचा चेहरा 30 ते 35 किलोमीटरदरम्यान पाहत बसते. वेदना वाढली की तो किंचित हसतो. हे हसू दोन सेकंदांच्या तुकड्यात कळत नाही; आधीचा तासभर पाहिलेला असावा लागतो. फुटबॉलचा गोल कापून विकता येतो, षटकारही येतो. मॅरेथॉनचा 'हायलाइट' हा प्रकारच मला अपुरा वाटतो, आणि कोणी विकला तर त्यात किमान ते एकट्याचे 17 किलोमीटर असावेत असा माझा आग्रह आहे.

व्हिएन्नाची गोष्ट निराळी. प्राटर उद्यानातला तो सरळ, झाडांनी वेढलेला रस्ता. पुढे विद्युत मोटार, तिच्यातून रस्त्यावर पडणाऱ्या लेझरच्या रेषा, आणि पाळीपाळीने धावणारे 41 साथीदार. बर्नार्ड लगाट आणि नॉर्वेचे इंगेब्रिग्टसेन बंधू यांच्यासारखे, स्वतः जागतिक दर्जाचे. खुली शर्यत नव्हती, साथीदार बदलत होते, म्हणून तो अधिकृत विक्रम धरला जात नाही. धरू नयेच. पण शेवटच्या टप्प्यात ते साथीदार मुद्दाम मागे राहिले आणि त्याला एकट्याला पुढे जाऊ दिलं, तिथे माझ्या डोळ्यांत दरवेळी पाणी येतं. म्हणूनच टोकनचा हिशेब मांडताना मला तेही आठवतात. चित्रात 41 जणांचे घामेजलेले चेहरे असतील तर अशा विक्रीत त्यांचा वाटा किती, हे विक्रीच्या पानावरच स्पष्ट लिहिलेलं असावं. असा करार कुणी माझ्यासमोर ठेवला तर मी या कलमाशिवाय सही करू देणार नाही.

आणि माझ्या मनातले दोन क्षण तर यादीबाहेरच राहिले. पहिला, पॅरिस 2003. अठरा वर्षांच्या पोराने 5,000 मीटरच्या जागतिक अंतिम फेरीत हिशाम एल गेरूज आणि केनेनिसा बेकेले या दोघांना शेवटच्या सरळ रेषेत गाठलं. त्याचे 12:52.79, एल गेरूजचे 12:52.83. दुसरा, बर्लिन 2015. बुटातले आतले तळवे निसटून बाहेर आले आणि घोट्यांपाशी फडफडत राहिले, पायाला फोड आले, आणि तरी 2:04:00 मध्ये तो पहिला आला. शर्यतीचा हा भाग कुणालाही दाखवा, मॅरेथॉन म्हणजे काय ते कळेल. विक्रम पुढे मोडतात. 2:01:39 त्याने स्वतःच 2022 मध्ये 2:01:09 करून मोडला, आणि 2023 मध्ये शिकागोत केल्विन किप्टमने 2:00:35 वर नेला. पॅरिस आणि ते फडफडणारे तळवे मात्र कुणी मोडू शकत नाही.

पर्यावरणाचं थोडक्यात. 2021 मध्ये इथेरियमची साखळी, म्हणजे अशी बरीच टोकनं ज्या ब्लॉकचेनवर असतात ती, प्रचंड वीज खायची. सप्टेंबर 2022 मध्ये तिची पद्धत बदलली आणि वापर 99 टक्क्यांहून जास्त घटला. तो आक्षेप आता फारसा उरत नाही.

कराचं मात्र नीट ऐका. भारतात एप्रिल 2022 पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, वर सेस. खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा होत नाही. मी भरलं ते व्यवहाराचं शुल्क वजा दाखवायला गेलात तर वाद ओढवून घ्याल. एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही. जुलै 2022 पासून ठरावीक रकमेवरच्या व्यवहारांना एक टक्का टीडीएस आहे. एक सवलत मात्र आहे: टोकनबरोबर एखाद्या खऱ्याखुऱ्या, हातात धरता येणाऱ्या वस्तूची मालकी कायद्याने बदलत असेल, तर असं टोकन आभासी मालमत्तेच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. ही ओळ विकणाऱ्यांनी वाचायला हवी, कारण माझ्या मते चांगलं उत्पादन नेमकं तिथेच आहे. टोकनबरोबर शर्यतीत छातीवर लावलेला सहीचा क्रमांक द्या. किपचोगे वर्षानुवर्षं सरावाच्या नोंदी वहीत लिहितो. त्या आठवड्याच्या पानाची प्रत द्या. दर पाच किलोमीटरची वेळ द्या. चित्रफीत घेणाऱ्याला स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवण्याचा लेखी हक्क द्या. पुनर्विक्रीतला धावपटूचा टक्का करारातच बांधा. 2023 च्या सुमारास मोठ्या ऑनलाइन बाजारांनी ही रॉयल्टी ऐच्छिक करून टाकली, तेव्हा बाजाराच्या भरवशावर तो टक्का सोडता येत नाही.

माझे गुण: धावपटूला थेट पैसे मिळण्याच्या कल्पनेला पाचपैकी पाच. घेणाऱ्याला मिळणाऱ्या वस्तूला दोन. गुंतवणूक म्हणून माझ्या कुठल्याही अशिलाला मी हे घ्यायला सांगणार नाही. किपचोगेवर जीव आहे आणि पैसे परत येणार नाहीत हे धरून द्यायचेत, तर त्याच्या नावाची शिक्षण आणि पर्यावरणासाठी काम करणारी संस्था आहे, तिथे द्या.

असं काही आपल्याकडे निघालं तर मी रांगेत पहिली असेन, आणि कोणत्या क्षणासाठी तेही पक्कं आहे. बर्मिंगहॅम 2022, पुरुषांची 3,000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या या प्रकाराची तिन्ही पदकं केनियाच नेत होतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 8:11.20 मध्ये दुसरा आला, पहिल्यापेक्षा फक्त 0.05 सेकंद मागे. ते विकायचं असेल तर शेवटची फेरी अख्खी हवी, पाण्याच्या उडीसकट, न कापता. आणि पैसे साबळेच्याच खात्यात जावेत.