त्लाकेपाकेचा मण्यांचा जग्वार मला केवढ्याला पडला

मेक्सिकोतल्या ग्वादलाहारात आयटीमुळे आलेली मराठी मंडळी बऱ्यापैकी आहेत, आणि नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या-दुसऱ्या शनिवारी शेजारच्या त्लाकेपाके गावाला जातोच. त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

तिथलं एल पारिआन म्हणजे 1878 सालचं चौकोनी बांधकाम. मधे अंगण, भोवती खाण्यापिण्याची ठिकाणं आणि टेबलांमधून गात-वाजवत फिरणारे मारिआची वादक. पारिआन हे नाव मनिलातल्या चिनी बाजारपेठेचं, गलबतांबरोबर पॅसिफिक ओलांडून आलेलं. ऑक्टोबर 2023 संपत आला होता, मृतांच्या दिवसाची, म्हणजे तिथल्या पितरांच्या सणाची, तयारी चालली होती आणि जिकडे बघावं तिकडे झेंडू. झेंडू मूळचा मेक्सिकोचा हे मला तिथे कळलं, तोवर दसऱ्यामुळे तो आपलाच वाटायचा. घरची आठवण आली, मन जरा सैल झालं. मातीच्या वाडग्यातून संत्रं, लिंबू आणि टकिला घालून देतात त्या कासुएलाचाही त्यात हात होता.

ऑफिसात बजावलं होतं, मारिआचींचा दर आधी ठरवून घे. मी तीनतीनदा विचारला. त्यांनी गाण्यागणिक दर सांगितला, दोन गाणी वाजवली, तेवढेच पैसे घेतले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. माझी सगळी सावधगिरी त्या बिचाऱ्यांवर खर्च झाली.

बाहेर इंदिपेन्देन्सिया रस्त्यावर एक जण मण्यांचा जग्वार हातात धरून उभा होता. नारळाएवढं डोकं, निळे-केशरी मणी. विरारिका, म्हणजे ज्यांना विचोल म्हणतात त्या आदिवासी लोकांचं काम, महिनाभर लागतो म्हणाला. 3,500 पेसो सांगितले. मी तुळशीबागेत वाढलेला माणूस, 1,800 वर आणला आणि स्वतःवर खूश झालो.

रोख नव्हती. त्याने मोबाइलला जोडायचं छोटं कार्ड मशीन काढलं. मी पिन टाकला. ‘नो पासो’, गेलं नाही. रेंज नाही म्हणत तो चार पावलं पुढे गेला, मशीन वर धरून बघितलं, पुन्हा पिन. या वेळी गेलं. पडद्यावरचा आकडा मी दोन्ही वेळा पाहिला नाही, कारण पडद्यावर त्याचा अंगठा होता. पावती मागायचं सुचलंच नाही.

बँकेचा मेसेज आला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण भारतातलं सिम मी रोमिंगचा खर्च नको म्हणून खोलीवर ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

सोमवारी ॲप उघडलं. ‘न गेलेला’ व्यवहार 18,000 पेसोंचा होता, शून्य एक जास्त. रुपयांत 80,000 च्या वर. दुसरा 1,800 चा, अगदी बरोबर. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. तक्रारीचा फॉर्म भरला, पावती मागितली, ती नव्हती. अर्ज नामंजूर. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डाची परदेशातली मर्यादा आपल्याला ॲपमधून ठरवता येते. माझी निघताना ‘असू दे’ म्हणून कमाल ठेवलेली. ती 5,000 रुपयांवर असती तर दोन्ही व्यवहार अडले असते, आणि जग्वारही तिथेच राहिला असता.

तोही खोटाच निघाला. ऑफिसातल्या एका मेक्सिकन सहकाऱ्याने हातात घेऊन आधी नाकाला लावला, मग कानाशी नख घातलं. मण्यांची अख्खी माळ दोऱ्यासकट सुटून आली. आत लाकूड नाही, साच्यातून काढलेलं प्लास्टिक आणि वर गोंद. खऱ्या कामात लाकडावर किंवा भोपळ्याच्या कवचावर मेण थापतात आणि सुईने एकेक मणी दाबून बसवतात, त्यात दोरा नसतो.

दोन आठवड्यांनी परत गेलो. तो माणूस दिसला नाही. एक विरारिका बाई जमिनीवर कापड पसरून बसल्या होत्या, मांडीवर अर्धवट वाडगी, सुईच्या टोकावर एक पिवळा मणी. मी वाडगी उचलून वास घेतला. मेणाचा होता. त्या हसल्या, असं करणारा मी पहिला नसणार. 400 पेसो म्हणाल्या. मी घासाघीस केली नाही, दोनशेच्या दोन नोटा मोजून दिल्या.

भारतातलं सिम आता फोनमध्येच असतं.