रेपोशी जोडलेलं गृहकर्ज: दर उघडा, स्प्रेड झाकलेला

गृहकर्जाच्या जाहिरातीत 'रेपोशी जोडलेला पारदर्शक दर' अशी ओळ हमखास असते, जणू ती बँकेची मेहेरबानीच. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना फ्लोटिंग (वेळोवेळी बदलणाऱ्या) दराची नवी किरकोळ कर्जं बाहेरच्या मानदंडाशी जोडणं सक्तीचं केलं आहे. रेपो दर (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे पैसे उसने देते), तीन किंवा सहा महिन्यांच्या ट्रेझरी बिलांचा (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचा) परतावा असे पर्याय होते. बहुतेक बँकांनी रेपो उचलला. त्यावर बँक स्वतःची जी टक्केवारी मिळवते ती स्प्रेड; दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचा दर. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका बँकेचं नाही, या कर्जप्रकाराचं आहे.

कर्जाचे दर ठरवायच्या पद्धतीची ही खरं तर पाचवी आवृत्ती. ऑक्टोबर १९९४ मध्ये दोन लाखांवरच्या कर्जांचे दर ठरवायची मोकळीक बँकांना मिळाली आणि पीएलआर (प्राइम लेंडिंग रेट, बँकेने स्वतः ठरवलेला मूळ दर) आला. २००३ मध्ये बीपीएलआर (बेंचमार्क प्राइम लेंडिंग रेट). नावात 'प्राइम' असलं तरी बहुतांश कर्जं त्याच्या खालच्याच दराने दिली जायची. ज्याची घासाघीस करायची ताकद मोठी, त्याला दर कमी. १ जुलै २०१० पासून बेस रेट आला, त्याच्या खाली कर्ज द्यायला बंदी झाली. पण बेस रेट कसा काढायचा हे बँकेच्याच हातात होतं. त्यात निधीचा सरासरी खर्च धरला की जुन्या महागड्या ठेवी हिशेबात राहतात आणि दर खाली यायला वर्षं जातात.

१ एप्रिल २०१६ च्या एमसीएलआरमध्ये (सीमांत खर्चावर आधारलेल्या कर्जदरात) रिझर्व्ह बँकेने सूत्रच ठरवून दिलं: निधीचा सीमांत खर्च, म्हणजे नव्याने पैसा उभारायला पडणारा खर्च (त्यात ९२ टक्के भार ठेवी-उसनवारीला, ८ टक्के नक्त मालमत्तेवरच्या परताव्याला), सीआरआरमध्ये (रिझर्व्ह बँकेकडे ठेवाव्या लागणाऱ्या राखीव रकमेत) बिनव्याजी अडकलेल्या पैशाचा बोजा, कामकाजाचा खर्च आणि मुदतीचा प्रीमियम. कागदावर चोख. अडचण दोन ठिकाणी होती. गृहकर्ज सहसा एक वर्षाच्या एमसीएलआरला बांधलेलं आणि रिसेटही (दर नव्याने लागू होणंही) वर्षातून एकदा, म्हणजे तुमच्या रिसेटच्या दुसऱ्या दिवशी दर उतरला तर पुढचं वर्षभर हात चोळत बसा. दुसरी अडचण २०१७ मध्ये जनक राज यांच्या अध्यक्षतेखालच्या रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने दाखवली: बँका बेस रेट आणि एमसीएलआर मनमानी पद्धतीने काढत होत्या आणि स्प्रेडही हवा तसा हलवत होत्या. बाह्य मानदंडाची शिफारस तिथूनच आली.

आताच्या आवृत्तीत रेपो बदलला की किमान तीन महिन्यांतून एकदा तुमचा दर बदललाच पाहिजे. हे काम ती चोख करते. नको तेवढं चोख, असं २०२२ मध्ये कर्ज घेतलेले म्हणतील. ४ मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. समजा ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर ४ अधिक ३ म्हणजे ७ टक्के, हप्ता ३८,७६५ रुपये. दर साडेनऊला पोचेपर्यंत मुद्दल समजा ५० हजारांनी उतरलं. उरलेल्या ४९.५ लाखांवर महिन्याचं व्याजच होतं ३९,१८८. म्हणजे जुना हप्ता पूर्ण भरूनही महिन्याला सव्वाचारशे रुपये कमी पडतात आणि कर्ज फिटायच्या ऐवजी वाढतं. मुदत कितीही लांबवा, ते फिटणारच नाही.

म्हणून १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आलं. रिसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्हींचा मेळ घालायचा की काही रक्कम आगाऊ भरायची, हा निर्णय कर्जदाराचा. मुदत वाढवताना वरच्यासारखी गत होऊ द्यायची नाही. दर तिमाहीला सोपं स्टेटमेंट द्यायचं, त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हवा. ठरावीक दरावर जायचा पर्यायही तेव्हा द्यावा लागायचा. ऑक्टोबर २०२५ पासून तो बँकेच्या मर्जीवर सोडला आहे.

नियम चांगला, पण तुम्ही उत्तर दिलं नाही तर बहुतेक ठिकाणी मुदत गुपचूप वाढते. ती किती महाग पडते ते पाहा. ५० लाख, २० वर्षं, ८ टक्के: हप्ता ४१,८२२. दर साडेआठ झाला आणि हप्ता तोच ठेवला तर २४० चे जवळपास २६६ हप्ते होतात, म्हणजे सुमारे १०.८ लाख जास्त. त्याऐवजी हप्ता ४३,३९१ केला तर महिन्याला १,५६९ जास्त आणि २० वर्षांत पावणेचार लाखांच्या आसपास. रिसेटचा एसएमएस आला की 'मुदत तीच ठेवा, हप्ता वाढवा' असं लेखी कळवा, शाखेत जाऊन तोंडी सांगितलेलं नोंदवलं जातंच असं नाही. दर उतरताना उलटं करा: २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला, तेव्हा ज्यांनी हप्ता तोच ठेवला त्यांची २०२२-२३ मध्ये लांबलेली मुदत आखडली.

आता खरी गोम: स्प्रेड. मानदंड बाहेर गेल्यावर बँकेला खेळायला जागा उरली ती इथेच. नियम असा की स्प्रेडमधला पतजोखमीचा भाग कर्जदाराच्या पतमूल्यांकनात ठळक बदल झाला तरच बदलता येतो. बाकीचे घटक, उदाहरणार्थ कामकाजाचा खर्च, तीन वर्षांतून एकदाच. ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी त्याआधीही कमी करता येतात. मात्र सुरुवातीचा स्प्रेड किती असावा यावर बंधन नाही. रेपो सगळ्यांना सारखाच, त्यामुळे दोन बँकांची तुलना म्हणजे दोन स्प्रेडची तुलना. रेपो उतरल्यावर नव्या ग्राहकाचा स्प्रेड बँक वाढवू शकते आणि जाहिरातीत फक्त बेरीज छापते. आणि स्प्रेड जवळजवळ जन्मभराचा असतो, रेपो काही महिन्यांचा. पाव टक्का क्षुल्लक वाटतो, पण वरच्याच कर्जावर ८ आणि ८.२५ टक्क्यांत महिन्याला ७८१ रुपयांचा आणि २० वर्षांत १ लाख ८७ हजारांचा फरक आहे. सवलतीच्या प्रोसेसिंग फीच्या मोहात याकडे बघायचं राहून जातं.

मंजुरीपत्रात रेपो आणि स्प्रेड वेगवेगळे लिहिलेत का ते आधी पाहा. नुसता 'लागू दर' लिहिला असेल तर फोड मागा. स्प्रेड सिबिल स्कोअरच्या टप्प्यांना बांधलेला असेल तर टप्प्यांचा तक्ता मागा, आणि स्कोअर वाढल्यावर स्प्रेड आपोआप उतरतो की अर्ज करावा लागतो तेही विचारा. सहसा अर्ज लागतो. विमा किंवा पगारखात्याच्या अटीवर दिलेली सूट अट मोडली की निघून जाते. रिसेटची तारीख पहिल्या वितरणापासून मोजतात की तिमाहीच्या पहिल्या तारखेला, हेही तिथेच सापडतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदतकर्जासोबत प्रमुख तथ्यांचं पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर असतो, म्हणजे शुल्क मिळवून पडणारा खरा वार्षिक दर. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला हे पत्रक किमान तीन कामाचे दिवस वैध असतं. 'आजच सही केली तरच हा दर' हा दबाव तिथे संपतो. त्या तीन दिवसांत दुसऱ्या बँकेचं पत्रक शेजारी ठेवा. वितरणानंतर पहिल्या महिन्याचं व्याज तपासा: ते पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या तारखेपासून लागायला हवं, मंजुरीच्या किंवा करारावर सही झाल्याच्या नाही. काही संस्था तसं लावत असल्याचं आढळल्याने रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये ते परत करायला सांगितलं होतं.

आगाऊ परतफेडीत ही आवृत्ती निर्विवाद चांगली. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड जून २०१२ पासून बंद आहे. एमसीएलआर किंवा बेस रेटवर राहिलेल्या जुन्या कर्जदारांनाही वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्चापलीकडे शुल्क न देता रेपोवर येता येतं. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं तर मात्र मुद्रांक शुल्क, मूल्यांकन, वकिलाची फी धरा. हा खर्च ४० हजार आला आणि पाव टक्का वाचला, तर वरच्या हिशेबाने वसुलीलाच ५१ महिने लागतात. त्यापेक्षा आधी स्वतःच्याच बँकेकडे स्प्रेड कमी करण्याचा अर्ज टाका, दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र जोडून. उत्तर फार लवकर येतं.

गृहवित्त कंपन्यांना ही बाह्य मानदंडाची सक्ती नाही. तिथे अजून कंपनीचा स्वतःचा प्राइम रेट चालतो, म्हणजे १९९४ ची आवृत्ती नव्या वेष्टनात. कागदपत्रं किचकट असलेल्या घराला ती कर्ज देतात, हा त्यांचा फायदा. पण रेपो उतरल्यावर दर कधी आणि किती उतरेल याची हमी तिथे मागू नका, मिळणार नाही.

स्थिर पगार, हप्ता दोन-अडीच टक्के दरवाढ सोसेल इतका सैल, आणि अधूनमधून जादा मुद्दल भरण्याची शक्यता असेल तर पाचपैकी चार गुण. हप्त्यालाच पगाराचा निम्मा भाग जाणार असेल तर अडीच. कर्ज फिटल्यावर मूळ दस्त ३० दिवसांत परत यायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे, त्यामुळे शेवटचा हप्ता भरल्याची तारीख असलेली पोच जपून ठेवा.