ठसे मारून रंगवलेल्या टाइल्स: एक पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगते. सोप्यातली नावाची पाटी जशीच्या तशी आहे, गॅसमागच्या टाइल्सवर ओरखडे आलेत आणि न्हाणीतल्या भिंतीवरचा रंग पापुद्रे सुटून गेला. दिवाळीनंतर रंगवल्या होत्या. आमच्या खानापूरकडचा पाऊस म्हणजे काय, ते बेळगावकरांना सांगायला नको.

टाइल्स साध्या, पांढऱ्या, ४ इंची. बेळगावच्या दुकानात जुन्या पेटीतले उरलेले नग स्वस्तात मिळाले. रंग ऑनलाइन मागवला: पाण्यात मिसळणारा, पण वाळल्यावर ओव्हनमध्ये भाजायचा.

टाइलची चकाकी म्हणजे काचेचाच थर, हजार अंशांच्या वर भाजलेला. रंग त्यात मुरत नाही, नुसता वर बसतो. म्हणून हाताचं तेलसुद्धा नडतं. स्पिरिटनं पुसायचं आणि मग फक्त कडेला धरायचं.

ठशांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण व्हिडिओत हे कुणी धड सांगत नाही. कापडावर छापायचे लाकडी ठसे इथं चालत नाहीत. कापड दबतं, टाइल दबत नाही, मग नक्षी अर्धीच उठते. बटाट्याच्या ठशाला पाणी सुटतं आणि रंग फिका पडतो. सगळ्यात चांगलं काम केलं ते जुन्या स्लीपरच्या तळव्यानं! ब्लेडनं पान-फूल कापायचं, लाकडी ठोकळ्याला चिकटवायचं. ठसा रंगात बुडवायचा नाही, स्पंजनं त्यावर पातळ थापायचा. सरळ खाली टेकवायचा आणि सरळ उचलायचा. जोर दिला की गुळगुळीत टाइलवर तो सरकतोच. बिघडलं तर ओलं फडकं फिरवायचं, टाइल परत कोरी. भाजेपर्यंत ही मुभा आहे.

पाटीवर वरची ओळ मराठीत, खालची कन्नडमध्ये केली. पोस्टमन आणि पाहुणे, दोघांची सोय. कन्नड अक्षरांची वळणं स्लीपरमधून कापताना बोटं दुखून आली. मराठीची शिरोरेखा मात्र चिकटपट्टी लावून एका फटक्यात झाली.

भाजणं: टाइल थंड ओटीजीत, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये ठेवायची, १५० अंश झाले की ३५ मिनिटं मोजायची, आतच थंड होऊ द्यायची. गरम बाहेर काढली तर तडकते. बाटलीवर २४ तास वाळवा असं आहे, ते उन्हाळ्यात ठीक. पावसाळी हवेत दोन-तीन दिवस द्या, नाहीतर भाजताना फोड येतात. त्यात मध्येच करंट गेला की मोजणी पहिल्यापासून.

न्हाणीतल्या टाइल्स भिंतीवर आधीच बसवलेल्या, त्यांना ओव्हन कुठला? तिथं साधा ॲक्रिलिक आणि वर वॉर्निश लावलं होतं. साबण आणि वाफ यापुढं ते टिकणारं नव्हतंच. गॅसमागच्या टाइल्स भाजलेल्या होत्या, तेलाचे डाग ओल्या फडक्यानं निघत होते. पण आत्त्यांनी एकदा तारेची घासणी फिरवली आणि वर मलाच विचारलं, "एवढं भाजून बी उडतंय होय गं?" उडतंय. ग्लेझवरचे, म्हणजे त्या चकाकीच्या थरावरचे खरे रंग भट्टीत ८०० अंशांच्या आसपास भाजतात, घरचा ओव्हन तिथवर जात नाही.

वॉर्निश लावलेल्या टाइलवर गरम पातेलं ठेवू नका, बूड चिकटतं. आणि ज्यावर अन्न येतं त्या ताटाला-वाटीला हा रंग आतून लावायचा नाही.

रंगांत काळा आणि निळा झकास. लाल रंग बाटलीच्या झाकणावर कुंकवासारखा दिसतो, भाजल्यावर विटकरी होतो. त्या किमतीत हे पटलं नाही. पुढच्या वेळी काळा आणि निळाच मागवणार. न्हाणीची भिंत खरवडून परत पांढरी करून घेतली आहे.