काजूचे 6,38,400 रुपये एका ‘एम’पायी गेले

लिहायला लाज वाटते. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा कारखाना आहे. परदेशी बी मंगळूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतो, सोळा वर्षं झाली. मेलमध्ये कोणी तिसराच शिरतो आणि ‘आमचं खातं बदललंय’ म्हणून कळवतो, हा खेळ तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होता. तरी पैसे गेले.

सुरुवात अकाउंट्सच्या पत्त्यावर आलेल्या मेलने झाली: ‘मेलबॉक्स भरलाय, चोवीस तासांत लॉगिन करा.’ हिशेब बघणाऱ्या पोरीने पासवर्ड टाकला. तिला बोल लावणार नाही, कारण आमचे मेलबॉक्स खरंच भरतात, एकेकाला जेमतेम 1 जीबी जागा आणि बिलांच्या पीडीएफचा ढीग. कंपनीच्या सर्व्हरवर पत्ते पाच: इन्फो, सेल्स, पर्चेस, अकाउंट्स आणि माझा. पाचही तिच्याच लॅपटॉपवर, आणि पासवर्ड एकच, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. हसा खुशाल. बी उकडायचा बॉयलर, सोलणाऱ्या बायकांची हजेरी, विजेचा लपंडाव, यात पाच पासवर्ड कोण पाठ करणार?

पाच दिवसांनी मंगळूरहून नव्या खात्याचा मेल आला. जुन्याच संभाषणात, खाली माझेच मागचे मेल, रक्कमही बरोबर. पत्त्यात फक्त ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी. चष्मा लावूनही तो ‘एम’च दिसतो, आज पुन्हा बघितलं.

त्या दिवशी गावची जत्रा. मी धोतर नेसून दारात उभा, पोरगी पैसे पाठवायला बसलेली. ती म्हणाली, ‘काका, ह्यां नाव वायलां दाखवता.’ रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून 1 एप्रिल 2025 पासून आरटीजीएस, एनईएफटी करताना समोरच्या खातेदाराचं नाव बघायची सोय आली आहे ना, त्यात फर्मचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. आणि मी काय म्हटलं? ‘मालकाचां आसतलां, घाल.’ सोळा वर्षं ज्या मालकाशी बोलतो त्याचं नाव मला ठाऊक नाही का? फोन खिशात होता. एक फोन! रात्री झोपेतून उठून तेच वाक्य ऐकू येतं. नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा, कारण पैसे जमा होतात ते निव्वळ खाते क्रमांकावर.

चौथ्या दिवशी मंगळूरहून फोन आला, ‘पेमेंट कधी?’ तेव्हा सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवलं. उशीरच झाला होता, त्या भलत्या खात्यात 41,200 उरले होते तेवढे गोठले. तेही लगेच हातात येत नाहीत. तुम्ही पहिल्या तासात फोन करा, कागद नंतर जमवा.

बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, ‘ओटीपी तुम्हीच दिलात.’ ठाण्यात विचारलं, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना, मग चोरी कसली?’ अर्ज इंग्रजीत आणा म्हणाले, आणला तर मराठीत हवा. मग जिल्ह्याला जा. तिथे म्हणाले, आधी तुमच्या ठाण्याचा शिक्का आणा. तीन वेळा एसटीने गेलो, एकदा तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्याच्या नावाने फसवण्याला आयटी कायद्यात 66 डी हे कलम आहे, हे मी, एक काजूवाला, त्यांना सांगत होतो!

आमच्या मेलचा सर्व्हर सांभाळणारा सर्व्हरवाला आणखी वरचढ. ‘पासवर्ड बदला, झालं.’ बदलला. अकरा दिवसांनी भाचा येऊन बसला, तेव्हा कळलं की अकाउंट्सच्या मेलबॉक्समध्ये नुसत्या टिंबाच्या नावाचा एक फिल्टर बसवलेला. मंगळूरचा खरा मेल आला की तो ‘वाचलेला’ होऊन आर्काइव्हमध्ये जायचा आणि त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर. पासवर्ड बदलला तरी फिल्टर राहतोच. प्रत्येक मेलबॉक्सचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग वेगवेगळं उघडून बघा. सोडून गेलेल्या माणसांचे पत्तेही बंद करा, आमच्या जुन्या गोदामवाल्याचा सहावा मेलबॉक्स अजून चालू निघाला. तो आमच्या मोजणीतच नव्हता.

मंगळूरवाल्याचे पैसे एफडी मोडून दिले. त्याची काय चूक?

काल सर्व्हरवाल्याचं रिन्यूअलचं बिल आलं, मेलवर. खाते क्रमांक विचारायला मुद्दाम फोन केला, तर म्हणतो, ‘मेलमध्ये दिलाय की!’