इझुमो-१ आणि पीएलसी-झीटा: फलन नेमकं कुठे अडतं?

शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला १.६ कोटींच्या वर, हालचाल उत्तम, तरी फलन नाही. अशा वेळी शुक्राणूतल्या इझुमो-१ आणि पीएलसी-झीटा या प्रथिनांचा विचार करावा लागतो, आणि नेहमीच्या वीर्यतपासणीत ही दोन्ही दिसत नाहीत.

इझुमो-१ शुक्राणूच्या डोक्यावर असतं आणि स्त्रीबीजावरच्या जुनो प्रथिनाला चिकटतं. ते २००५ मध्ये जपानमध्ये सापडलं, नाव तिथल्या लग्न जुळवणाऱ्या देवाच्या मंदिरावरून. हे प्रथिन नसलेले उंदरांचे शुक्राणू स्त्रीबीजाचं जाड आवरण भेदतात, पण आतल्या पटलाशी एकजीव होत नाहीत.

पीएलसी-झीटाचं काम त्यापुढचं, आणि जास्त नाजूक. शुक्राणू आत शिरला की ते स्त्रीबीजात कॅल्शियमच्या लाटा उठवतं. एकच नव्हे, काही तास, पुन्हा पुन्हा. त्यांनीच स्त्रीबीज जागं होतं. गोल डोक्याच्या शुक्राणूंत हे प्रथिन बहुधा नसतं किंवा अगदी कमी असतं.

उपचारात फरक इथेच पडतो. इझुमोची अडचण इक्सी या प्रयोगशाळेतल्या तंत्राने टळू शकते, कारण त्यात सुई शुक्राणूला थेट स्त्रीबीजात सोडते. पीएलसी-झीटा नसेल तर इक्सीनंतरही स्त्रीबीज निद्रिस्तच राहतं. मग त्याला काही मिनिटं कॅल्शियम आयनोफोरच्या (कॅल्शियमला पेशीत शिरू देणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात ठेवतात. दोष स्त्रीबीजातही असू शकतो, म्हणून आधी ते परिपक्व होतं का, हे पाहावं.